लक्ष्मीपूजनाच्या रात्री दुर्बीण आणि कुत्री, दोघींना घेऊन पेंचला जावं का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: नागपुरात बेसाला राहता, सहा इंची डॉब (डॉब्सोनियन दुर्बीण) नुकतीच घरी आली आहे, आणि तीन वर्षांची देशी कुत्री आहे. मागच्या दिवाळीत ती दोन दिवस दिवाणाखालून बाहेर आली नाही. यंदा लक्ष्मीपूजन उरकलं की तिला गाडीत घालून पेंचकडे निघायचं, म्हणजे तिची फटाक्यांतून सुटका आणि तुम्हाला अमावास्येचं काळंभोर आकाश, असा बेत आहे. गाडीत शांत बसावी म्हणून एखादी गोळी द्यावी का, हेही विचारलंय.

मी नागपुरात कुत्र्या-मांजरांची प्रॅक्टिस करते आणि सवड मिळेल तशी गच्चीवर दुर्बीण लावते, म्हणून दोन्ही बाजूंनी लिहिते. उत्तर आधीच सांगून टाकते: त्या रात्री जाऊ नका, आणि कुत्रीला घेऊन तर मुळीच नको. तुम्ही एका दगडात दोन पक्षी मारायला निघालात, पण आकाशाची अडचण आणि कुत्रीची अडचण यांचं वेळापत्रक एक नाही. वारा सुटला की धूर चार दिवसांत निवळतो आणि आकाशाला मागचं काही आठवत नाही. कुत्रीला आठवतं. एका दिवाळीत बसलेली धास्ती पुढच्या दिवाळीला वाढूनच येते. म्हणून लक्ष्मीपूजनाची रात्र तिच्यासाठी राखून ठेवा आणि आकाशासाठी दुसरी रात्र निवडा. ती तशी सोपी आहे, कारण पंचांग तुमच्या बाजूने आहे.

दसऱ्याला कस्तुरचंद पार्कवर रावणदहनाची आतषबाजी होते तेव्हा शुद्ध दशमीचा चंद्र डोक्यावर असतो, त्यामुळे दुर्बीणवाल्याचं त्या रात्री फारसं बिघडत नाही. कोजागिरीचं तर विचारायलाच नको. तुळशीच्या लग्नापासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंतही चांदणं असतंच. एकटी दिवाळी अशी की आकाश सगळ्यांत अंधारं असताना सगळ्यांत जास्त फटाके वाजतात. त्यात आपल्याकडे पाऊस ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात परततो, हवा धुतलेली असते, आणि वर्षातलं सर्वांत स्वच्छ आकाश मिळण्याचे दिवस नेमके हेच. म्हणून हळहळ वाटते, ते मला समजतं.

पण अंधार फक्त अमावास्येलाच असतो असं कुठे आहे? वद्य पंचमीनंतर चंद्र रात्री साडेनऊ-दहाच्या पुढे उगवतो, अष्टमीला मध्यरात्रीच्या आसपास, आणि वसुबारसेच्या सुमारास तर पहाटे तीनच्या पुढे. म्हणजे दिवाळीआधीच्या आठवड्यात संध्याकाळी सातपासून मध्यरात्रीपर्यंत तुम्हाला अमावास्येइतकाच अंधार मिळतो, आणि फटाके अजून दुकानात असतात. पेंचला जायचं तर या आठवड्यात जा. दिवाळीनंतर हिशेब उलटा होतो: बीज-तिजेपासून चंद्र संध्याकाळी येऊन बसतो आणि अंधार सरकत सरकत पहाटेकडे जातो. आणि नोव्हेंबरची पहाट हीच धुराची सर्वांत वाईट वेळ.

त्याचं कारण असं. पावसाळा संपला की रात्री जमीन लवकर थंड होते, तिला लागून असलेली हवा गार होते आणि तिच्यावर उबदार हवेचा थर बसतो. गार हवा जड, ती वर चढत नाही. त्यामुळे खाली झालेला धूर त्या झाकणाखाली कोंडून राहतो. वारा नसेल तर सकाळी ऊन चढेपर्यंत तो हलत नाही. लक्ष्मीपूजनाच्या रात्री दहा-अकराला आकाश बरं दिसतंय असं वाटतं आणि पहाटे पाहावं तर कृत्तिकाही पुसट, याचा उलगडा इथे आहे. हे झाकण रोज सारखंच नसतं. वारा असला, ढग आले किंवा दिवाळी ऑक्टोबरच्या मध्यात आली आणि रात्री अजून उकडत असलं, तर धूर तितका कोंडत नाही.

धुराचा त्रास दुहेरी असतो. ताऱ्याचा प्रकाश तो खातो हे झालंच, पण शहराचे दिवेही तेच कण परत खाली फेकतात आणि आकाशाची पाठ उजळते. दुसरं नुकसान मोठं. तारा टिंबासारखा असतो, थोडा मंद झाला तरी दिसतो; दीर्घिका किंवा तेजोमेघ म्हणजे पसरलेला उजेड, तो उजळ पाठीवर बुडून जातो. देवयानी दीर्घिका त्या दिवसांत रात्री दहाच्या सुमारास नागपूरहून उत्तरेला सत्तर अंश उंचीवर असते, म्हणजे जवळजवळ डोक्यावर. तरी धुरातून तिचा फक्त गाभा उरतो, कापसाच्या बोळ्याएवढा. पंचवीस लाख प्रकाशवर्षांवरून आलेला प्रकाश शेवटच्या दोनशे मीटरमध्ये अडतो! फिल्टर घ्यावा का असं पुढे विचाराल, तर नको. धुरावर फिल्टरचा उपाय चालत नाही.

आकाश वापरण्याजोगं आहे की नाही हे ठरवायला मी अॅप पाहत नाही, ध्रुव पाहते. आपल्याकडे ध्रुव क्षितिजापासून साधारण एकवीस अंशांवर असतो, आपल्या अक्षांशाइतकाच. तिथून येणारा प्रकाश डोक्यावरच्या ताऱ्यापेक्षा जवळपास पावणेतीनपट जास्त हवेतून येतो. त्यामुळे उत्तरेला मोकळी जागा असूनही ध्रुव डोळ्यांना दिसत नसेल तर डॉब बाहेर काढायची तसदी घेऊ नका. ध्रुव दिसला तर पुढची परीक्षा भाद्रपदांच्या चौकोनाची. पूर्वा आणि उत्तरा भाद्रपदांचे मिळून चार तारे, आणि त्यांच्या आत किती बारीक तारे मोजता येतात ते पाहायचं. बेसाच्या गच्चीवरून एखादा दिसला तरी खूप. पेंचला डोळे अंधाराला सरावले की मोजायला बोटं लागतात.

घरीच राहणार आहात तर गच्चीवर काय पाहाल? ग्रह आणि जोडतारे. धूर ग्रहांचं फारसं बिघडवत नाही, कारण ते मुळात तेजस्वी, आणि ज्या शांत हवेमुळे धूर कोंडतो त्याच हवेत प्रतिमा थरथरत नाही. या काही वर्षांत दिवाळीच्या संध्याकाळी शनी आकाशात असतो. त्याची कडी २०२५ मध्ये आपल्याला जवळपास कडेवरून दिसत होती, आता ती पुन्हा उघडू लागली आहेत. हंसाच्या चोचीतला जोडतारा, एक सोनेरी आणि एक निळसर, पश्चिमेला असतो, सहा इंचात सुरेख दिसतो. दीर्घिका त्या रात्री विसरा. समोरच्या अंगणात भुईनळा पेटला की अर्ध्या तासात सरावलेले डोळे पुन्हा शून्यावर येतात, तेव्हा चिडण्यात अर्थ नाही.

दुर्बिणीची एक काळजी मात्र घ्या. फटाक्यांच्या धुरात गंधकाचे अंश असतात, त्यावर पहाटेचं दव पडलं की आरशाच्या अॅल्युमिनियमच्या थराला ते चांगलं नाही. पाहणं झालं की दोन्ही टोकांची झाकणं लावून डॉब आत आणा, रात्रभर गच्चीवर ठेवू नका. आरशावर राख बसली तर कापडाने पुसू नका, हाताने दाबायच्या ब्लोअरने उडवा.

नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात वृषभातून येणाऱ्या उल्का असतात, संख्येने कमी पण संथ आणि ठळक. आकाशात दर मिनिटाला रॉकेट जात असताना त्या ओळखायच्या कशा, हा प्रश्न दरवर्षी येतो. रॉकेट खालून वर जातं आणि वर जाऊन फुटतं. उल्का कुठल्याही दिशेने जाते, पण आवाज करत नाही आणि दोन-तीन सेकंदांत संपते. त्याहून जास्त वेळ, तुकड्यातुकड्याने, आडवं जाणारं काही दिसलं तर ते बहुधा माणसाने वर पाठवलेलं असतं. २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, अख्ख्या विदर्भाने आकाशातून जळत जाणारी रांग पाहिली, अनेकांनी उल्कावर्षाव म्हणून व्हिडिओ फिरवले. तो परत पडणारा रॉकेटचा भाग होता आणि त्याचं मोठं धातूचं कडं चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीजवळ मिळालं.

आता कुत्री. खरं लिहायचं ते इथेच आहे.

पहिलं, तिला पेंचला का न्यायचं नाही. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये डार्क स्काय पार्कचा दर्जा मिळाला, भारतातला पहिला, आणि तो सार्थ आहे. पण प्रकल्पात पाळीव कुत्र्याला जागा नाही, आणि नसावीच. कुत्र्यांचा डिस्टेंपर जंगली जनावरांत पसरतो. २०१८ मध्ये गीरच्या सिंहांच्या मृत्यूंमध्ये हाच विषाणू सापडला होता. प्रकल्पाबाहेर गावाच्या कडेला राहायचं म्हणाल तर तिथे बिबट्या असतो आणि कुत्रं हे त्याचं आवडतं खाणं. रामटेक-खिंडसीकडे गेलात तरी हा धोका टळत नाही. शिवाय रस्त्यात कामठी, कन्हान, मनसर लागणार, आणि लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी तिथेही लडा लागतात. घाबरलेली कुत्री, अनोळखी जागा, गाडीचं दार उघडलं आणि तेवढ्यात कुठेतरी सुतळी बॉम्ब वाजला, तर ती पळणार. आपल्या गल्लीत पळालेलं कुत्रं बऱ्याचदा वास घेत परत येतं. हायवेच्या कडेला पळालेलं येत नाही. दिवाळीत माझ्याकडे जे फोन येतात त्यात भाजलेल्या जनावरांपेक्षा हरवलेल्या कुत्र्यांचे जास्त असतात.

दुसरं, ती इतकी का घाबरते. आपले कान साधारण वीस हजार हर्ट्झपर्यंत ऐकतात, कुत्र्याचे पंचेचाळीस हजारांच्या आसपास, मांजराचे त्याहूनही वर. म्हणजे त्याच आवाजात तिला आपल्यापेक्षा जास्त काही ऐकू येतं. पण खरा घात आवाजाच्या मोठेपणापेक्षा त्याच्या अवचितपणात आहे. रोज घरावरून विमान जातं त्याची सवय होते. फटाका कधी वाजेल, कुठून वाजेल, किती वाजतील, काहीच सांगता येत नाही. आपल्या दिवाळीत तर नरकचतुर्दशीला पहाटे अभ्यंगाच्या वेळेला सुरू होतं, मग भाऊबीजेपर्यंत पोट्टे दुपारीही एखादी लवंगी फोडतात. शरीराला शांत व्हायला मध्ये वेळच मिळत नाही.

इथे नागपूरकर म्हणून एक गोष्ट. ग्रीन फटाक्यांचं सूत्र आपल्याच नीरी या संशोधन संस्थेने काढलं, आणि फटाक्यांना परवानगी देणाऱ्या पेसोचं मुख्यालय आपल्या सेमिनरी हिल्सवर आहे. त्यामुळे 'आम्ही ग्रीनच आणलेत' हे वाक्य इथे अभिमानाने ऐकू येतं. आणावेत, त्यात कण साधारण तीस टक्क्यांनी कमी असतात आणि बेरियम नसतं. आकाशाला थोडी मदत होते, दम्याच्या माणसाला बरीच. पण ग्रीन म्हणजे बिनआवाजी नव्हे. नियमाची मर्यादाच फुटण्याच्या जागेपासून चार मीटरवर १२५ डेसिबल आहे. अंतर दुप्पट झालं की उघड्यावर साधारण सहा डेसिबल कमी होतात. आठ मीटरवरही तो ११९ उरतो. म्हणून शेजाऱ्यांशी बोलायचं तर 'फटाके उडवू नका' असं म्हणून भांडण ओढवण्यापेक्षा 'लड आमच्या फाटकासमोर नको, मैदानात लावा' एवढंच मागा. ते मिळतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिवाळीसाठी रात्री आठ ते दहा ही वेळ ठरवून दिली होती. प्रत्यक्षात आपल्याकडे पूजा झाली की साडेसहाला सुरुवात होते, आणि शेवटची लड कधी वाजेल हे वस्तीवर अवलंबून. तुमची तयारी साडेपाचला पूर्ण हवी.

तयारी म्हणजे काय, तर आधी जागा. ती दिवाणाखाली गेली हे तिचं बरोबर होतं, तिने तिची जागा निवडली. तिथून ओढून काढू नका. उलट आतापासून ती जागा आणखी चांगली करा: खाली जुनी गोधडी, तुमचा वापरलेला शर्ट, बाजूला पाणी, पुढे चादर सोडून अर्धा अंधार. दिवाण रस्त्याकडच्या खोलीत असेल तर आतल्या खोलीत हलवा, पण दिवाळीच्या दिवशी नाही, पंधरा दिवस आधी. खिडकीत कूलर असेल तर त्याच्या कडेच्या फटीतून आवाज आणि धूर दोन्ही आत येतात, त्या फटी जुन्या कापडाने बुजवा. आवाज झाकायला कूलर लावावा असं सुचेल, कारण त्याची घरघर छान झाकते, पण खिडकीतला कूलर बाहेरचा धूर ओढून घरात सोडतो. छताचा पंखा, टेबल फॅन आणि टीव्ही पुरे.

मग त्या दिवसाचा क्रम. दुपारी चारच्या आत लांब फेरी, गळ्यातला पट्टा एक भोक घट्ट आणि सोबत हार्नेस, साखळी हातातून सुटू द्यायची नाही. पाचला जेवण. साडेपाचला खिडक्या-पडदे बंद. पाहुणे येतील, फाटक उघडं राहील, म्हणून एका माणसाला तेवढंच काम नेमून द्या. रात्री शेवटची शू अंगणातच, साखळीला धरूनच.

'घाबरल्यावर जवळ घेऊ नका, भीती वाढते' असं तुम्हाला कोणीतरी सांगितलं असेलच. ते सोडून द्या. भीती ही भावना आहे, शिकवलेली करामत नाही. जवळ घेतल्याने ती बळावत नाही. ती जवळ येत असेल तर येऊ द्या, हात ठेवा, बोलत राहा. येत नसेल तर मागे लागू नका. आणखी एक करून बघा: प्रत्येक आवाजानंतर लगेच तिच्या सर्वांत आवडीचा घास, चिकनचा तुकडा, पनीर, जे असेल ते. आधी आवाज, मग घास, हा क्रम उलटा होऊ देऊ नका. दूरचे, बारीक आवाज सुरू असतानाच सुरू करा. इथे एक खूण लक्षात ठेवा. ती घास घेतेय तोवर तिचं डोकं शिकतंय. आवडीचा घासही तोंडात घेत नाही, धापा टाकतेय, लाळ गाळतेय, तर ती शिकण्याच्या पलीकडे गेली. आता प्रशिक्षण थांबवा आणि फक्त आडोसा द्या.

फटाक्यांचे रेकॉर्ड केलेले आवाज ऐकवून सवय लावणं हा खरा टिकाऊ उपाय, पण त्याला दोन-तीन महिने लागतात. इतक्या हळू आवाजात सुरुवात करायची की तिने कानही टवकारू नयेत, मग आठवड्याआठवड्याने वाढवत न्यायचं. दिवाळी पंधरा दिवसांवर आली असताना घाईने सुरू केलंत तर उलट घाबरवून ठेवाल. यंदा वेळ नसेल तर पुढच्या पोळ्याला आठवणीने सुरू करा.

आता गोळी. दोन दिवस दिवाणाखाली, न खाता, अशा जनावराला औषध द्यायला मी कचरत नाही. सोसायला लावण्यात काही शहाणपण नाही. पण कोणतं, हे फार महत्त्वाचं. 'झोपेचं इंजेक्शन देऊन टाका डॉक्टर' असं लोक म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर असेप्रोमॅझिन किंवा त्या गटातलं काहीतरी असतं. ते एकटं दिलं तर शरीर ढिलं पडतं, डोळे जड होतात, आणि आतली भीती जशीच्या तशी राहते. आवाज ऐकू येतोय, पळता येत नाही. बाहेरून जनावर शांत दिसतं म्हणून मालक समाधानी असतो. मी फटाक्यांसाठी ते एकटं देत नाही. अल्प्राझोलम, ट्रॅझोडोन, काही जनावरांत, विशेषतः मांजरांत, गॅबापेंटिन, ही भीतीवरची औषधं आहेत. ती वजन, हृदय, यकृत आणि चालू असलेली इतर औषधं पाहून ठरतात, म्हणून मात्रा इथे लिहिणार नाही आणि कोणी लिहिली तर देऊ नका. दोन गोष्टी मात्र तुमच्या डॉक्टरांना नक्की विचारा. एक, आधी एखाद्या शांत दिवशी घरी चाचणीची मात्रा देऊन बघायची का. काही कुत्री या औषधांनी शांत व्हायच्या ऐवजी उधळतात, ते लक्ष्मीपूजनाला संध्याकाळी कळून उपयोग नाही. दोन, नेमकी किती वाजता द्यायची. बहुतेक औषधं भीती चढायच्या तास-दीड तास आधी पोटात जायला हवीत, एकदा थरथर सुरू झाल्यावर कमी लागू पडतात. आणि गाडीत शांत बसावी म्हणून घरातल्या आजोबांची झोपेची गोळी अर्धी करून देऊ नका, कृपा करून.

तुमची कुत्री तीन वर्षांची आहे, त्यामुळे पुढचं तिला लागू नाही, पण वाचणाऱ्या इतरांसाठी: आठ-दहा वर्षांचं कुत्रं इतकी वर्षं बिनधास्त होतं आणि यंदा अचानक आवाजाला घाबरायला लागलं, तर आधी त्याचे सांधे तपासून घ्या. दुखणाऱ्या अंगाला दचकणं जास्त दुखतं, आणि दुखणं आवरलं की भीतीही कमी होते, असं अनेकदा दिसतं. मांजर असेल तर ते ओरडून सांगणार नाही, कपाटामागे जाईल. त्याचा मातीचा ट्रे आणि पाणी तिथेच सरकवा आणि खिडक्यांच्या जाळ्या आदल्या दिवशी ओढून बघा.

पाडव्याच्या सकाळी फिरायला नेताना रस्त्यावरचं काही हुंगू देऊ नका. न फुटलेल्या फटाक्यांची दारू कुत्री चाटतात, आणि ती विषारी असते. तोंडात काही गेलं आणि नंतर उलट्या, अंगात लुळेपणा किंवा लटपट दिसली तर घरी थांबू नका. काही खाल्लं नसतानाही चोवीस तासांत अन्न-पाण्याला तोंड लावलं नाही, तरी आणा.

राहिलं पेंच. दिवाळीआधीचा आठवडा हुकला तर पुढच्या अमावास्येला जा. तेव्हा लग्नसराईच्या वरातींचे फटाके शहरात वाजत असतील, पण पेंचमधल्या सिल्लारीच्या बाजूला त्रास नाही, आणि रात्री नऊपर्यंत मृग वर आलेला असतो. सहा इंचातून मृगातला तेजोमेघ तिथल्या अंधारात पाहिलात की डॉबचे पैसे वसूल. स्वेटर दोन घ्या. कुत्री त्या रात्री घरी राहील, तिच्या ओळखीच्या माणसाजवळ. आणि तिच्या पट्ट्यावर नंबर आहे का, तो चालू आहे का, हे दिवाळीची वाट न पाहता आजच पाहून घ्या.